मुलांना साफसफाई मोहिमेच्या पुढे कसं न्यायचं?

खडूफळा: मी नववीला नागरिकशास्त्र शिकवते. परिसरातला एखादा प्रश्न घेऊन सोडवा म्हटलं की दरवेळी पोस्टर, रॅली नाहीतर साफसफाई, आणि आठवड्यात कचरा परत तिथेच. मला त्यांना धोरणापर्यंत न्यायचंय, म्हणजे नियम कोण करतं, बदलतो कसा वगैरे. पण धोरण हा शब्द काढला की वर्ग पेंगायला लागतो. कुणी केलंय का असं काही?

पायवाट: मॅडम, आधी 'हे काम कुणाचं' एवढंच शोधायला लावा. आम्ही शाळेसमोरचा रस्ता ओलांडायचा प्रश्न घेतला होता, मुलं म्हणाली पट्टे आम्हीच रंगवतो. मी विचारलं, रंग उडाल्यावर? तुम्ही शाळा सोडून गेल्यावर? मग शोधाशोध सुरू झाली, रस्ता कुणाच्या ताब्यात, पट्ट्यांचा नियमच नाही की नियम आहे पण कुणी पाळत नाही. ह्या दोन्हींची उत्तरं पूर्ण वेगळी निघतात.

चौकट: प्रोजेक्ट सिटिझन बघा, मुलांना सार्वजनिक धोरण शिकवणारा शालेय उपक्रम आहे, १९९२ ला कॅलिफोर्नियात सुरू झालं, मग बऱ्याच देशांत गेलं. वर्गाचे चार गट करायचे. एक प्रश्न मांडतो, दुसरा वेगवेगळे उपाय तपासतो, तिसरा वर्गाचं धोरण लिहितो आणि ते घटनेत बसतं का बघतो, चौथा ते मंजूर कसं करून घ्यायचं ते ठरवतो. तिसऱ्याला भरपूर वेळ द्या. मुलं पटकन 'दंड लावा' म्हणतात, मग वसूल कोण करणार, ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याचं काय, इथे वर्ग खरा पेटतो.

रातराणी: पेंगणाऱ्यांना ग्रेगरी वॉटसन सांगा. टेक्सासमधला विद्यार्थी, १९८२ मध्ये त्याने निबंध लिहिला की १७८९ ची एक घटनादुरुस्ती अजूनही मंजूर होऊ शकते, मार्क मिळाले सी. त्याने राज्याराज्यांतल्या आमदारांना पत्रं लिहायला घेतली आणि १९९२ मध्ये ती खरंच अमेरिकेच्या घटनेत गेली, सत्ताविसावी दुरुस्ती. माझ्या वर्गात हे ऐकून मुलांनी लगेच विचारलं, पत्र कुणाला लिहायचं असतं?

खडूफळा: भारीच! पण विषय मी द्यायचा की त्यांनी निवडायचा?

पायवाट: त्यांनीच. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यातल्या खालच्या तीन तो सहभाग धरतच नाही, मुलांना नुसतं शोभेला उभं करणं त्यातच येतं. म्हणून अधिकाऱ्यांसमोर पाठ केलेलं भाषण नको, अडखळत का होईना स्वतःचं बोलू दे. आणि 'नाही' आलं तर कारण लेखी मागायला शिकवा, पुढचा मसुदा त्यावरूनच सुधारता येतो.