पेपरमध्ये छापलेली स्केल सरळ वापरली तर चालते का?

थिसिसग्रस्त
मंडळी, थिसिससाठी डिप्रेशन मोजायचंय. गाइड म्हणतायत बेक-२ ही स्केल (प्रश्नावली) घे, सगळे तीच घेतात. कंपनीच्या साइटवर बघितलं तर फॉर्मचेसुद्धा पैसे! इकडे नेटवर तिच्या पीडीएफ ढिगाने पडल्यात आणि एका पेपरच्या शेवटी तर सगळे २१ प्रश्न छापलेत, पेपर ओपन ॲक्सेस आहे म्हणजे प्रश्नपण ओपनच ना? की काही भानगड आहे?

तळटीप
भानगड आहे. पेपरचं लायसन्स पेपरपुरतं, आत दुसऱ्याची स्केल छापली म्हणून तिचा हक्क सुटत नाही. बेक-२ पिअर्सन कंपनीकडे आहे, भाषांतर करायचं तरी त्यांनाच विचारावं लागेल. त्यापेक्षा डिप्रेशनचीच नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ बघ ना, फायझरच्या पैशातून बनलीय तरी कॉपी, भाषांतर, वाटप कशालाच परवानगी लागत नाही, तसं फॉर्मवरच लिहिलंय. नाहीतर सीईएस-डी, १९७७ ची, २० प्रश्न, तीही फुकट.

जुनाखोड
फक्त पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. कोणी हो म्हटलं तर तू पुढे काय करणार हे एथिक्स कमिटी विचारणारच, तयारी नसेल तर तो प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ आहे.

आणि आज फुकट दिसतंय यावर जाऊ नकोस रे. स्मरणशक्ती वगैरे तपासायची एमएमएसई चाचणी १९७५ ला पेपरातच छापून आली, डॉक्टर लोक वर्षानुवर्षं बिनदिक्कत वापरत होते, २००१ नंतर लायसन्सचं लचांड मागे लागलं. औषधं नियमित घेण्याबद्दलची मोरिस्की स्केल तर विनापरवाना वापरली म्हणून लोकांना छापलेले पेपर मागे घ्यावे लागलेत. परवानगी लेखी हवी, ती जिथे लिहिलीय त्या पानाची कॉपी तारखेसकट जपून ठेव.

थिसिसग्रस्त
बापरे. मग व्यक्तिमत्त्वाचा भाग पण आहे माझा, तिथे?

तळटीप
आयपीआयपी, व्यक्तिमत्त्व मोजायच्या वाक्यांचा साठा आहे. ३००० च्या वर वाक्यं आहेत, सगळी पब्लिक डोमेनमध्ये, कोणाला मेलसुद्धा टाकायला नको. पण फुकट आहे म्हणजे तुझ्या भाषेत तपासलेली आहे असं नाही हां, भाषांतर, ते परत इंग्रजीत करून ताडणं (उलट भाषांतर), थोड्या लोकांवर आधी करून बघणं (पायलट) हे सगळं करावं लागेल, आणि खरा वेळ तिथेच जातो.

थिसिसग्रस्त
ओके, पीएचक्यू-८ चं गाइडना सांगून बघतो. बेकच हवी म्हणाले तर फॉर्मचे पैसे डिपार्टमेंट देणार का तेही त्याच मेलमध्ये विचारतो.