कॉमर्स, एमबीए आणि पहिली नोकरी: तुमचेही अनुभव लिहा

खतावणी
काल माळा आवरताना जुना सिटिझनचा कॅल्क्युलेटर सापडला. पाचाचं बटण अडकतं, बाकी ठणठणीत. लेक यंदा अकरावी कॉमर्सला गेलीय. तो हातात घेऊन म्हणाली, "बाबा, कॉलेजात शिकलेलं नोकरीत किती कामाला आलं?" मी "खूप" म्हणून मोकळा झालो आणि रात्री झोप येईना.

१९९७ ला बी.कॉम. झालो, फर्स्ट क्लास. सांगलीत पाइप-फिटिंगच्या एका होलसेल दुकानात लागलो. पहिल्याच महिन्यात तेरीज, म्हणजे नावे-जमेच्या बेरजांचा ताळा (ट्रायल बॅलन्स), जुळेना. फरक १,८०० रुपयांचा. दोन दिवस खतावणी वरून खाली, खालून वर तपासली. कॉलेजात असं झालं की फरक सस्पेन्स नावाच्या तात्पुरत्या खात्याला टाकायचा आणि पुढचं गणित घ्यायचं. शेठना तसं सुचवलं तर म्हणाले, "सस्पेन्स म्हणजे कुणाच्या खिशात?"

तिसऱ्या दिवशी जुने दिवाणजी तंबाखू मळत बाजूला येऊन बसले. "नऊनं भाग जातो का बघ." गेला. "मग आकडा उलटा पडलाय. हजार-शेकड्याच्या घरात दोनाचं अंतर असलेले आकडे बघ." दहा मिनिटांत सापडलं. ५,३०० च्या जागी ३,५००, माझ्याच अक्षरात. तीन वर्षांत एकाही सरांनी हे सांगितलं नव्हतं.

तुमचं काय? कॉलेज, पहिली नोकरी, फजिती, सगळं चालेल.

कोरडा_खोकला
नऊचं खरंय. आणि फरकाला दोननं भागून येणाऱ्या रकमेची नोंद सापडली तर ती नावेची (डेबिटची) जमेला (क्रेडिटला) गेलेली असते. आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होताना करायच्या उमेदवारीच्या, सरांनी शिकवलेलं. बाकी त्यांनी झेरॉक्स काढायला शिकवलं.

तेव्हा आर्टिकलशिप तीन वर्षांची. ३१ मार्चला एका साखर कारखान्यात साठा मोजायला गेलो. पोत्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या. लांबीची पोती गुणिले रुंदीची गुणिले उंचीची, वहीत लिहिलं, झालं. गोदामकीपर फार प्रेमळ, "साहेब, रस घेणार का?" एकवीस वर्षांच्या पोराला पहिल्यांदा कुणी साहेब म्हणालं, मी विरघळलो. सिनियर मात्र चपला काढून थप्पीवर चढला. मधे विहीर! चारी बाजूंनी पोती, आत पोकळ. वरून ओरडला, "अरे, तो गुणाकार खोड!"

रस आणायला गेलेला माणूस परत दिसला नाही. पुढचं विचारू नका, सही सरांची होती.

मिरजमावशी
अगं बाई, विहीर!!
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमची बारावी मराठी माध्यमातून. घसारा, बुडीत व संशयित कर्ज, सगळं पाठ. एफवायला सर घसाऱ्याला "डेप्रिसिएशन" म्हणाले ते मला डिप्रेशन ऐकू आलं. महिनाभर वहीत "यंत्रावर दहा टक्के डिप्रेशन". सरांनी वही वर्गात वाचून दाखवली.
नवऱ्याच्या मित्राला दिलेले वीस हजार आमच्या घरी अजून संशयित कर्ज म्हणूनच ओळखले जातात.

खतावणी
@मिरजमावशी किती वर्षं झाली? आता बुडीतला टाका.

मिरजमावशी
बारा. टाकते, पण त्याला जेवायला बोलवायचं कसं थांबवू?

चारलाख
एमबीए, पुणे, २००७-०९. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत असलं की तारण लागत नसे, त्यामुळे अर्ध्या वर्गाचं कर्ज बरोब्बर चार लाख. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ही अमेरिकन बँक बुडाली. फायनान्सचे सर म्हणाले, "तो अमेरिकेचा प्रश्न आहे." डिसेंबरात प्लेसमेंटला दोन कंपन्या आल्या. एकीला विमा विकायला माणसं हवी होती, दुसरी नुसती चहा पिऊन गेली.

शेवटी एका खासगी बँकेत सेव्हिंग खाती उघडायचं काम. आधी नातेवाईक संपतात, मग वर्गमित्र. मग मी आईच्या भिशीतल्या सगळ्या बायकांची खाती उघडली. "किमान शिल्लक दहा हजार" हे वाक्य मी हळू आवाजात म्हणायचो. त्या तिमाहीत दंड कापला गेला. आई अजून दोन मावश्यांकडे जात नाही.

पेठी_हिशोब
@चारलाख हसू का रडू. आमची आईसुद्धा त्यातली असू शकते.

दादरकर_नव्हे
मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजवाले कुणी आहेत का इथे? १९१३ चं कॉलेज आमचं.

पेठी_हिशोब
आमचं पुण्याचं बीएमसीसी १९४३ चं. तीस वर्षं उशिरा, पण झाडं जास्त.

दादरकर_नव्हे
चर्चगेटला उतरून समुद्राकडे वळलं की लेक्चर आपोआप बुडायचं. झाडांनी ते होतं का?

पेठी_हिशोब
आम्हाला बुडवायला टेकडी होती. वर बसून सगळे स्टार्टअप काढायचे. मी सोडून कुणी काढलं नाही आणि माझं आठ महिन्यांत बंद पडलं. त्यावर वेगळा धागा काढेन, आज नको.

बावाजी
मार्केटिंगचा एमबीए. चार पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) तोंडपाठ. पहिली पोस्टिंग चंद्रपूर. २८ तारीख आली का एरिया मॅनेजरचा फोन, "माल ढकल." म्हणजे दुकानात खपो ना खपो, डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात गेला पाहिजे. टार्गेटात तेच बिल धरत.

मूल गावच्या एका दुकानदारानं मले स्टुलावर बसवलं, चहा मागवला. मग वरच्या फळीवरून मागच्या उन्हाळ्याच्या तेलाच्या बाटल्या काढल्या, माझ्याच रुमालानं एकेक पुसली न ओळीनं मांडली. "भाऊ, हे पहिले घेऊन जा, मंग नवं पाहू. थंडीत कोन लावते जी थंडं तेल?" अकरा बाटल्या. पाचवा पी परतीच्या मालाचा, हे कोणी सांगितलंच नव्हतं. रुमाल तिथंच राहिला.

एफ_आठ
माझं खरं कॉलेज म्हणजे टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) क्लास. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स. झोपेतही बोटं चालतात.
१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मी एका टॅक्स कन्सल्टंटकडे चार महिन्यांची नवखी. पहिला ३बी, म्हणजे जीएसटीचा रिटर्न, २० ऑगस्टपर्यंत भरायचा होता. पोर्टल नुसतं गोल गोल फिरायचं. कुणी म्हणालं, रात्री दोनला चालतं. बसलो. नाही चाललं. मुदत २५ पर्यंत वाढल्याचा मेसेज आला तेव्हा सर टेबलावर डोकं ठेवून झोपलेले. आम्ही उठवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं घोरणं ऐकलं.

आखातवासी
इकडे उलटं. तिकडे व्हॅट (जीएसटीआधीचा विक्रीवरचा कर) गेला आणि सहा महिन्यांनी, १ जानेवारी २०१८ ला, अमिरातीत ५ टक्क्यांनी आला. २००५ साली नाशकात व्हॅटचे फॉर्म भरलेला मी ऑफिसात एकटाच. दोन महिने तज्ज्ञ म्हणून मिरवलो. मग सगळे शिकले.

कोरडा_खोकला
@एफ_आठ तुमचे सर झोपायचे तरी. आमचे ३० सप्टेंबरच्या (टॅक्स ऑडिटची मुदत) आधी घरीच जायचे नाहीत, वहिनी डबा घेऊन यायच्या आणि आम्हालाच ओरडायच्या.

अवांतर: पोहे करताना बटाटा आधी की कांदा? बायको माहेरी आहे.

मिरजमावशी
बटाटा आधी. पातळ चिरा.
आणि @खतावणी, तुमच्यामुळे आत्ता सोसायटीचा हिशोब काढून बसलेय. फरक ६३०. नऊनं भाग जातोय!!

खतावणी
शतक-दशकाच्या घरात बघा. २९० चे ९२० झालेत का?

चारलाख
सापडलं का?

मिरजमावशी
नाही. आकडे सगळे सरळ. वॉचमनच्या रेनकोटची ६३० ची पावतीच नोंदवायची राहिली होती. नवऱ्याच्या पाकिटात होती.