डोमिनियन, एक्सपान्शन आणि पोकेमॉनचे पत्ते: खानदेशातल्या हवेत ठेवायचे कसे?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. डोमिनियन या पत्त्यांच्या खेळाचा मूळ सेट, सीसाइड आणि प्रॉस्पेरिटी ही दोन एक्सपान्शन (मूळ खेळात भर घालणारे जोडसेट), शिवाय पोकेमॉनचे साधारण १२०० पत्ते आहेत. डोमिनियनचे तिन्ही खोके वेगवेगळे असल्यामुळे खेळ मांडायलाच अर्धा तास जातो. पोकेमॉनचे पत्ते रबर बांधून चपलांच्या खोक्यात आहेत, त्यातले चमकणारे पत्ते वाकायला लागलेत. खोली कूलरची आहे. तीन प्रश्न: सगळं डोमिनियन एकाच पेटीत बसेल का, स्लीव्ह (पत्त्यावर चढवायची प्लास्टिकची पाकिटं) कोणत्या मापाच्या घ्यायच्या आणि पत्ते वाकू नयेत म्हणून काय करायचं?

सातपुडा७२ (जळगाव)
आधी रबर काढा, बाकीचं नंतर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर चिकट होऊन पत्त्याला लागतं, आणि गड्डीच्या पहिल्या-शेवटच्या पत्त्याच्या कडेला जी खाच पडते ती कशानेही जात नाही. त्याऐवजी ३ सेंमी रुंद कागदी पट्टी गड्डीभोवती सैल गुंडाळा. चिकटपट्टी पट्टीच्या टोकाला पट्टीवरच लावा, पत्त्याला लागू देऊ नका.

आता माप. पोकेमॉनचा पत्ता ६३ × ८८ मिमी, त्याला ६६ × ९१ ची स्लीव्ह. डोमिनियनचा पत्ता अरुंद आणि उंच असतो, ५९ × ९१ च्या आसपास. बहुतेकांची चूक इथेच होते. एकाच मापाची पाकिटं मागवली की डोमिनियनचा पत्ता आत डावी-उजवीकडे हलतो आणि वरून बाहेर डोकावतो. त्यासाठी ५९ × ९२ ची स्लीव्ह मागा. डोमिनियनमध्ये सगळ्या सेटचे पत्ते एकाच गड्डीत पिसले जातात, त्यामुळे सगळ्या स्लीव्ह एकाच कंपनीच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. जाडीत किंवा चकाकीत जरासा फरक असला तरी पाठीवरून पत्ता ओळखू येतो. फाटतील त्यांच्यासाठी शेकडा दहा जास्तीच्या घेऊन ठेवा. पाकिटावर पॉलिप्रॉपिलीन लिहिलंय का बघा. मऊ पीव्हीसीच्या स्लीव्ह नकोत, त्यातला तेलकट अंश काही वर्षांत छपाईला चिकटतो.

जागेचा हिशेब असा: उघडा पत्ता साधारण ०.३ मिमी जाड, म्हणजे मूळ सेटचे ५०० पत्ते १५ सेंमी. पातळ स्लीव्ह घातली तर २२-२३ सेंमी, जाड घातली तर ३० सेंमीच्या आसपास. तिन्ही सेट पातळ स्लीव्हमध्ये एका पेटीत आरामात बसतात. जाड स्लीव्हचा हट्ट असेल तर दोन पेट्या धरा.

पेटी घरी करायची तर दोन्ही बाजूंना कागद असलेला ५ मिमीचा फोम बोर्ड घ्या. बॅनर छापणारे 'सनबोर्ड' म्हणून देतात तो बहुधा पीव्हीसी असतो. त्यावर फेविकॉल धरत नाही, आणि उघडे पत्ते त्याला टेकवून ठेवू नयेत. फोम बोर्डाला साधा फेविकॉल पुरतो, टाचण्या टोचून अर्धा तास ठेवा. सॉल्व्हंटचा पिवळा गोंद वापरू नका, तो आतला फोम खातो. डोमिनियनच्या रांगेची आतली रुंदी ६६ मिमी ठेवा, पोकेमॉनची ७०. रांगेची भिंत ७० मिमीच उंच करा. पत्ता वर दोन बोटं उघडा राहिला तरच उचलता येतो.

भरीतभाकरी (धुळे)
वाकण्याचं कारण कूलर. चमकणाऱ्या पत्त्यावर पुढून फॉइलचा थर असतो आणि मागे कागद. कागद ओल पितो, फुगतो, फॉइल तेवढंच राहतं, म्हणून पत्ता चित्राच्या बाजूला वाकतो. मे महिन्यात पारा ४५ ला असताना दिवसभर हवा कोरडी, संध्याकाळी कूलर लावला की खोली ओलसर. रोजच्या या हेलकाव्याने पत्ता जेवढा बिघडतो तेवढा नुसत्या गरमीने नाही.

म्हणून पत्ते झाकणाला रबरी कड असलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आणि डबा कूलरच्या झोतापासून लांब, आतल्या भिंतीच्या कपाटात, मधल्या फळीवर. माळ्यावर नको, स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. पश्चिमेच्या भिंतीलगतचं लोखंडी कपाटही नको. १० लिटरच्या डब्यात सिलिका जेलच्या ५ ग्रॅमच्या चार-पाच पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. पस्तिशीच्या खाली गेला तर दोन पुड्या काढून घ्या, नाहीतर तेच पत्ते उलट्या बाजूला वाकतील. सुटे दाणे घेणार असाल तर रंग बदलणारे नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. दाणे ओले झाले की ओटीजीत १२० अंशांवर दोन तास, पूर्ण गार झाल्यावर परत डब्यात. जून ते सप्टेंबर हे दर महिन्याला करावं लागतं.

आणि डबा पावसाळी दिवशी भरून बंद करू नका. आत ओलच कोंडली जाते.

कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकणारे भेटतात. वास पत्त्यात मुरतो, महिनोन् महिने जात नाही. डबा घट्ट असेल तर कसर आत येतच नाही. चपलांचं पुठ्ठ्याचं खोकं मात्र ती आवडीने खाते.

पत्तेपान (नंदुरबार)
लावण्याच्या पद्धतीबद्दल. डोमिनियन सेटनुसारच लावा, सगळी नावं एकत्र अक्षरवारीने नको. सीसाइडच्या पत्त्यांना चटया लागतात (जुन्या आवृत्तीत नाणीही), प्रॉस्पेरिटीला प्लॅटिनम आणि कॉलनी हे जादा पत्ते. अक्षरवारीने लावलं की हे सामान पत्त्यांपासून तुटतं. प्रत्येक सेटच्या रांगेच्या टोकाला त्याची नाणी झिप पिशवीत ठेवा. पैशांचे पत्ते (कॉपर ६०, सिल्व्हर ४०, गोल्ड ३०) आणि हिरवे, म्हणजे गुणांचे व्हिक्टरी पत्ते सगळ्यांत पुढे, ते प्रत्येक डावात लागतात.

विभाजकासाठी ३०० जीएसएमचा कार्ड पेपर. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कापलेल्या कडा मिळतात. ६२ × १०० मिमी कापा आणि वर नाव, खेळातली किंमत आणि ढिगातली संख्या लिहा: साध्या पत्त्याचे १०, व्हिक्टरीचे १२. आवरताना हीच संख्या मोजायची, म्हणजे हरवलेला पत्ता त्याच दिवशी कळतो. रँडमायझर पत्ते (डावात कोणते ढीग घ्यायचे ते चिठ्ठीसारखे उचलून ठरवायचे) वेगळ्या डबीत ठेवले की १० ढीग निवडायला दोन मिनिटं पुरतात.

पोकेमॉनचं गणित वेगळं. खेळायचे ६० पत्त्यांचे डेक (गड्ड्या) आपापल्या डेकबॉक्समध्ये, आत यादीची चिठ्ठी. उरलेले सेटच्या खुणेनुसार आणि खालच्या कोपऱ्यातल्या क्रमांकाने. एका नावाचे चारच डेकमध्ये चालतात (बेसिक एनर्जी सोडून), तेव्हा पाचव्यापासूनचे सगळे अदलाबदलीच्या वेगळ्या खोक्यात. यानेच निम्मी गर्दी कमी होते. व्हिजिटिंग कार्डाच्या डब्या डेकसाठी घेऊ नका, त्या ५५ मिमी रुंद असतात, पत्ता बसत नाही.

रांग अर्धी भरली असेल तर मागे स्पंजचा ठोकळा लावा. तिरके टेकलेले पत्ते कायमचे वाकतात.

तापीकाठ (भुसावळ)
खूप आभार, सगळं लिहून घेतलं. जे आधीच वाकलेत त्यांचं काय? इस्त्री चालेल का?

भरीतभाकरी (धुळे)
इस्त्री अजिबात नको, फॉइल सुटतं. स्लीव्ह न घालता दोन कोऱ्या कागदांमध्ये एकेक पत्ता, वर जाड पुस्तकांचं वजन, आणि हे सगळं सिलिका जेलसकट मोठ्या डब्यात आठ-दहा दिवस. बाहेर काढल्यावर लगेच स्लीव्ह. थोडा बाक राहिला तरी स्लीव्हमध्ये, घट्ट रांगेत दोन-तीन महिन्यांत बसतो. रबराची खाच मात्र राहील, असे पत्ते खेळायच्या डेकमध्ये घेऊ नका, पाठीवरून ओळखू येतात.