'फॉलबॅक'ला मराठीत काय म्हणायचं?

शाईफेक: गावातल्या शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स टाकलंय, बाईंसाठी एक पानभर माहिती लिहितोय. "अपडेट झाल्यावर जुना कर्नल फॉलबॅक म्हणून राहू द्या" इथे अडलोय (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; नवा बिघडला तर जुन्यावर मशीन चालू करता यावं म्हणून तो ठेवायचा). 'पर्यायी' लिहिलं तर बाई म्हणाल्या, म्हणजे दोन्हींतला कुठलाही चालेल ना? आणि रोज जुनाच लावायला लागल्या. चूक माझीच.

तळटीप: राखीव. विषय संपला.

लिंबूटिंबू: राखीव म्हटलं की एसटीतली सीट आठवते. सरळ स्टेपनी म्हणा की, सगळ्यांना कळतं.

तळटीप: स्टेपनीचा दुसरा अर्थ माहितीये ना? शाळेत वाटायचंय ते. आणि शब्द तरी आपला आहे का, वेल्समध्ये लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाकं बनवायला लागले त्यावरून आलाय.

लिंबूटिंबू: पगार पोर्तुगीजांचा आहे, परत करताय?

पाऊलवाट: स्टेपनी अर्थानेही जमत नाही. ती डिकीत पडून असते, पंक्चर झालं की जॅक लावा, बोल्ट काढा. जुना कर्नल बसवलेलाच असतो, ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली. परवा नवीन कर्नलवर माझ्या वायफायचा ड्रायव्हर बिल्डच होईना, रिस्टार्ट करून शिफ्ट दाबून धरलं (नव्या मशीनवर एस्केप), मागचा निवडला आणि पाच मिनिटांत कामाला लागलो. मी तर याला 'परतीचा दोर' म्हणेन.

आडवळण: मग आर्च लिनक्स म्हणजे सूर्याजी मालुसरे! नवीन कर्नल आला की जुना गायब, आता लढा नाहीतर कड्यावरून उड्या टाका. म्हणून मी तिथे एलटीएस (जास्त काळ सांभाळला जाणारा) कर्नल शेजारी टाकून ठेवतो. फेडोरा लिनक्स बरं, आपणहून तीन कर्नल ठेवतं.

तळटीप: दोर खरंच कापले होते की कापले असं नुसतं सांगितलं, यावर आमच्याकडे दर दिवाळीत किल्ला करताना वाद होतो.

आडवळण: कापलेच.

जुनी_खोड: आमचे आजोबा 'कोतल घोडा' म्हणायचे, स्वार नसलेला, नुसता बरोबर चालवत न्यायचा. कोतल कर्नल! फौजेतलाच वाटतो.

पाऊलवाट: वा, पण कोतल आता कोणाला कळणार.

तळटीप: वापरला तर कळेल.

शाईफेक: अहो, उद्या झेरॉक्स काढायच्यात. 'नवीन चालला नाही तर हा लावा, काढून टाकू नका' एवढंच लिहिलंय.

लिंबूटिंबू: म्हणजे स्टेपनीच की.

तळटीप: 'लावा' नको, 'निवडा' करा.