इंजिनचा आकडा की ग्रँडमास्टरच्या टिपा?

भुसावळकर: बुद्धिबळातला टोपालोव–शिरोव डाव, लिनारेस स्पर्धा १९९८. विरुद्ध रंगांचे उंट (एकाचा पांढऱ्या घरांवर, दुसऱ्याचा काळ्या), म्हणजे बरोबरीच वाटते. तिथं शिरोवनं ४७व्या चालीला उंट एच३ घरावर फुकट दिला! इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्रॅम, कोण किती वरचढ याचा नुसता आकडा फेकतं. पोरानं शिकावं कशातून, त्या आकड्यातून की ग्रँडमास्टरनं डावावर लिहिलेल्या टिपांतून?

जळगावचा भाऊ: भो, आकडा म्हणजे नुसती प्यादी मोजणं नाही. स्टॉकफिश या इंजिनच्या १५.१ आवृत्तीपासून (२०२२) +१ म्हणजे जिंकायची शक्यता ५० टक्के, तीही इंजिनविरुद्ध इंजिन. आपल्या पोरांच्या डावाला ते कुठं लागू?

धुळेकर: उंट गेला की एफ५ मोकळं होतं, शिरोवचा राजा तिथून ई४ वर घुसतो. सगळी गंमत त्या एका चालीच्या बचतीची. हे आकड्यात दिसत नाही, टिपांत दिसतं. टिपांतल्या चुका मात्र इंजिनच पकडतं.

भुसावळकर: मग आधी टिपा. इंजिन भरीत-भाकरीनंतर!