मॉडेल विमानाच्या पंखाला पीळ आलाय म्हणून टाकू नका
पंख वाकला म्हणून लगेच नवीन किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) कशाला मागवताय? आमच्या बेळगावात पावसाळ्यात हवाच इतकी दमट, की बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) ओलावा ओढतो आणि वाकतो. टिळकवाडीत माळ्यावर ठेवलेला माझा पंख पापडासारखा झाला होता. पंखावर फिल्म (इस्त्रीने चिकटवायचं पातळ प्लास्टिकचं आवरण) लावलेली असली तर पंख उलट बाजूला जरा जास्तच पिळून धरा, दुसऱ्या कुणाला तरी वरून इस्त्री फिरवायला सांगा, गार होईपर्यंत सोडू नका. (आमच्याकडे हे काम बायको करते, बडबडत.) मग मागून डोळा लावून दोन्ही टोकं सारखी आहेत का बघा.

आणि हो, तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव भागावर खालून बोटं टेकवून विमान उचला, ते सपाट राहायला हवं. शेपूट जड असलं तर विमान हाताबाहेर गेलंच म्हणून समजा. उडवायला सांबऱ्याकडे मात्र नको, तिथे विमानतळ आहे.