मिलीबगचा नर आणि बारावीचं हेटरोक्रोमॅटिन

मृदुला_तासगाव
बारावीला आपण एका दमात सांगून टाकतो: गुणसूत्राचा सैल भाग युक्रोमॅटिन, तो सक्रिय, घट्ट गुंडाळलेला, गडद रंगणारा भाग हेटरोक्रोमॅटिन, तो निष्क्रिय. मुलं हा भाग निकामी समजूनच घरी जातात. असं शिकवणं थांबवावं, असं माझं ठाम मत आहे. आपल्या द्राक्षबागांत सालीखाली लपणारा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, बघा. नर भ्रूणात बापाकडून आलेला गुणसूत्रांचा अख्खा संच घट्ट मिटतो आणि त्याच्या पिल्लांत उतरतच नाही. एवढी मोठी घडामोड, आणि आपण तिला निकामी ठरवायचं?

अभिजित_मिरज
मॅडम, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. 1961 साली ब्राउन आणि नेल्सन-रीस यांनी मिलीबगच्या नरांवर किरणांचा मारा केला. त्यांची मादी पिल्लं मेली, नर पिल्लं जगली. बापाच्या गुणसूत्रांची मोडतोड होऊनही नरांचं अडलं नाही, कारण तो संच बंदच होता. पुस्तक बरोबरच सांगतंय. सीईटीच्या तोंडावर पोरांना गोंधळात कशाला टाकायचं?

मृदुला_तासगाव
अभिजितसर, पुढचंही सांगा की. किरणांची मात्रा फार वाढवली तेव्हा जगलेले नर वांझ निघाले. शिवाय उझी नूर यांनी 1967 मध्ये दाखवलं की नराच्या काही ऊतींत तो संच पुन्हा सैल होतो. म्हणजे तो अगदीच निकामी नव्हता.

विट्याचा_बीएस्सी
मिलीबगचा प्रकार वैकल्पिक, म्हणजे ठरावीक वेळीच मिटणारा; बायकांच्या पेशीतल्या बार बॉडीसारखा, म्हणजे मिटून बसलेल्या एका एक्स गुणसूत्रासारखा. कायमच्या हेटरोक्रोमॅटिनवर बोला ना! सेंट्रोमिअरजवळ, म्हणजे विभाजनात गुणसूत्र जिथून ओढलं जातं तिथे, त्याच त्या तुकड्यांची हजारो वेळा पुनरावृत्ती. कांद्यात माणसाच्या जवळपास पाचपट डीएनए असतो. त्यातल्या प्रत्येक तुकड्याला काम आहे म्हणता?

मृदुला_तासगाव
नाही म्हणत. कांद्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण तुकड्याला अर्थ नसला तरी त्याच्या मिटून राहण्याला असतो. उड्या मारणारी जनुकं त्यामुळेच दबून राहतात. यीस्टच्या एका जातीत सेंट्रोमिअरजवळचं हेटरोक्रोमॅटिन बिघडवलं, तर गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रतींना एकत्र धरून ठेवणारं कोहेसिन हे प्रथिन तिथे पुरेसं जमत नाही आणि विभाजनात गुणसूत्रं मागे रेंगाळतात. पेशीच्या जिवाशी खेळ आहे हा.

अभिजित_मिरज
मग फळ्यावर लिहायचं काय? मोजक्या ओळींत द्या.

मृदुला_तासगाव
‘इथल्या जनुकांचं वाचन जवळजवळ थांबलेलं असतं. विभाजनात गुणसूत्रं नीट वाटली जाण्यासाठी हा भाग लागतो. काही भाग पेशीनुसार उघडतो, मिटतो.’

अभिजित_मिरज
पहिली दोन वाक्यं उद्यापासून घेतो. तिसरं बीएस्सीला ठेवा, बारावीला नको.

विट्याचा_बीएस्सी
तिसरंच तर महत्त्वाचं आहे, सर. बार बॉडी त्याशिवाय कशी समजावणार?